गायगोधनाच्या आधी की नंतर

उमरखेड, ७ मे २०२५

निकू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला एकच टिक येते, म्हणजे नंबर अजून ब्लॉकच आहे. म्हणून हे पत्र. नानाजी मामाच्या पत्त्यावर पाठवते आहे, तो तुला वजनकाट्यावर आणून देईल. कोळशाचे ट्रक जरा थांबव आणि वाच. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. तू मला ताई म्हणायचं सोडलंस त्याला बारा वर्षं होऊन गेली, तेव्हा ताईच्या हक्काने काही मागत नाही. एक प्रश्न आहे फक्त. तो शेवटी आहे, पण आधी थोडं सांगावं लागेल.

मी तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे, हे तुला मामाने सांगितलं असेलच. फॉर्म भरते, लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करते. परवा दुपारी एक माणूस कागद घेऊन आला, तीनशे प्रती पाहिजेत म्हणाला. मी कागद मशीनवर पालथा घातला, बटण दाबलं आणि बाहेर आलेली पहिली प्रत बघितली. 'पुंडलिक सरांचे स्कॉलरशिप वर्ग, फुलसावंगी. आता निवासी. मुलींच्या राहण्याची घरगुती सोय.' वर फोटो. केस पांढरे झालेत. हसू तेच आहे.

मशीन बिघडलं असं सांगून त्याला परत पाठवलं, असं तुला लिहावंसं वाटत होतं. पण तसं झालं नाही. तीनशेच्या तीनशे काढून दिल्या, वर दोरा गुंडाळून गठ्ठाही बांधून दिला. तो गेल्यावर मशीनची काच तीनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी शीला वकील मॅडमकडे गेले. त्यांचे कागद मीच टाईप करते. "एका मैत्रिणीचं विचारायचं होतं," अशी सुरुवात केली. त्यांनी खुर्ची सरकवली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मैत्रीण कितवीत होती?" म्हटलं, "चौथीत. मग सातवीत परत." "कोणतं साल?" "दोन हजार बारा. दसऱ्यापर्यंत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "उर्वशी, तुझ्या मैत्रिणीचं प्रकरण जुन्या कायद्यात जातं गं."

हे मला चार वेळा ऐकावं लागलं तेव्हा कळलं, म्हणून सोपं करून लिहिते. लहान मुलांवरच्या अत्याचारासाठी आता जो पोक्सो कायदा आहे, त्यात तक्रारीला मुदत नाही. पोरगी म्हातारी होऊन गेली तरी ठाण्यात लिहून घ्यावं लागतं. पण तो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. त्याच्या आधीचं सगळं जुन्या कलमाखाली. माझ्याबाबतीत जे झालं त्याला जुन्या कलमात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा, आणि एवढ्याशा शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत. तीन वर्षं, निकू! चौथीतल्या पोरीने सातवीत जाईपर्यंत ठाण्याची पायरी चढायला पाहिजे होती म्हणे. वही तपासायला सर दार लोटून घेतात, त्याला काय म्हणतात हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ठाण्यातल्या साहेबांना सांगणार होते काय? उशीर माफ करा असा अर्ज कोर्टात देता येतो, पण भरवसा नाही, असं मॅडम म्हणाल्या.

खोलीवर येऊन मोबाईलमध्ये २०१२ ची दिवाळी काढली. १४ नोव्हेंबर, बुधवार. पाडवा होता. आपलं गायगोधन, गाई रंगवून सजवायचा दिवस.

आता प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीतल्या वर्गाला तू माझ्या जागी गेलीस. पहिला दिवस धनत्रयोदशीचा, ते मला पक्कं आठवतं, कारण सर दिवाळीतसुद्धा शिकवतात म्हणून आई गल्लीभर कौतुक करत होती. भाऊबीजेला नानाजी मामा आला आणि दुसऱ्या सकाळी तुला वणीला घेऊन गेला. मधले पाच दिवस. गायगोधनाच्या दिवशी किंवा त्यानंतर तू सरकडे गेली होतीस का? एकदा तरी? तारीख तुला आठवणार नाही, नऊ वर्षांची होतीस. पण वाटेत गाईंच्या शिंगांना रंग होता का, गळ्यात माळा होत्या का, हे आठवेल. रंग असेल तर तुझं प्रकरण नव्या कायद्यात येतं आणि त्याला मुदत नाही.

हो किंवा नाही, एवढंच कळव.

उर्वशी

उमरखेड, १६ मे

निकू,

पत्र तुझ्या हातात दिलं असं मामा म्हणाला. तू ते न उघडता पर्समध्ये टाकलंस, असंही म्हणाला. रोज पोस्टमनची वाट बघते. तो आता मला बघून सायकलवरूनच मान हलवतो.

राहवेना, म्हणून रविवारी फुलसावंगीला गेले. आई अंगणात कुरडया घालत होती. तिच्या हातातून सोऱ्या घेतला आणि दाबता दाबता विचारलं, "आई, निकी सरकडे किती दिवस गेली होती गं?"

"कोणत्या जमान्यातली गोष्ट काढून राह्यली वो तू!"

"सांग ना."

"दोन दिवस. लक्ष्मीपूजनाच्या आंधी. मंग नाही गेली."

"नक्की?"

"मले काय कोर्टात उभी करून राह्यली काय बाप्पा? दे तो सोऱ्या इकडं, तुह्याच्यानं सरळ पडत नाही एक बी."

खरंच वाकड्यातिकड्या पडत होत्या. दोन दिवस म्हणजे अकरा आणि बारा तारीख. कायद्याच्या दोन दिवस आधी. दोन दिवस, निकू. परत येताना बसमध्ये मी ते बोटांवर मोजत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

पण आई कधी एक सांगते, कधी दुसरं. मला तिच्यावर विश्वास नाही. मला स्वतःचं काहीच आठवत नाही, कारण त्या पाच दिवसांत मी डोकं दुखतं म्हणून मधल्या खोलीत चादर ओढून पडले होते.

अजून एक आहे. घरातल्या देवळीत गणपतीच्या फोटोमागे तो कागद खोचलेला दिसला, माझ्याच मशीनवरचा. अक्षयदादा त्याच्या पोरीला, जान्हवीला, तिथे ठेवणार आहे. जान्हवी तू बघितली नाहीस. नऊ वर्षांची आहे, पुढचे दोन दात मोठे, बडबड थांबत नाही. जूनअखेर शाळा उघडल्या की, गावातच घर असलं तरी, तिला निवासी वर्गात टाकायचं ठरलंय, तिथे अभ्यास जास्त होतो म्हणे. मी दादाला म्हटलं, "तिथे पाठवू नको."

"काहून?"

मी तोंड उघडलं. सांगू का मी काय म्हणाले? म्हणाले, "तिथे पंखे नाहीत, उकाड्याने पोरगी आजारी पडेल."

दादा हसला. "पंखेच काय, कूलर बी लावले त्यानं. तू कायले टेन्शन घेऊन राह्यली?"

पंचवीस वर्षांची घोडी झाले. दिवसातून दहा वेळा लोकांसाठी 'सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते' असं टाईप करते. आणि भावासमोर पंख्याचं सांगून आले. शीला मॅडमने सरकारकडे पाठवायला एक निवेदन केलंय, की लहानपणी झालेल्या अशा गुन्ह्यांना, ते नव्या कायद्याच्या आधीचे असले तरी, मुदतीची अट नसावी. तेही मीच टाईप केलं. सहीसाठी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, तर मी गिऱ्हाईक आलंय म्हणून उठून गेले. बाहेर कुणीच नव्हतं.

तू हो म्हटलंस तर सगळं सोपं होईल. मला काहीच करावं लागणार नाही, असं म्हणत नाही मी. पण तुझं प्रकरण टिकतं, माझं टिकत नाही. निदान जान्हवीसाठी तरी कळव.

उर्वशी

उमरखेड, २७ मे

निकू,

काल मामाचा फोन आला. बिचारा अडखळतच बोलला. "निकीनं निरोप देल्ला. आईनं तुले इचारलं तवा तू काय बोलली, हे आंधी लिव्ह म्हणे. मंग शिंगाचं पाहू." मग तो मलाच विचारायला लागला, "काय बोलली होती वो तू?" मी फोन ठेवून दिला.

दोन्ही पत्रं वाचलीस तर. आणि दोन्हीत मी काय लिहायचं टाळलं, ते तुला पहिल्या ओळीपासून दिसलं असणार. शिंगं, माळा, तारीख, वार, सगळं लिहिलं. 'तू माझ्या जागी गेलीस' असंही लिहून मोकळी झाले, जणू बसमधली खिडकीची जागा होती.

लिहिते. उठत नाही आता.

दसऱ्यानंतर मी डोकेदुखीचं सोंग केलं. खोटं होतं ते. सरकडे जायचं नव्हतं म्हणून. पंधरा दिवस आईने बाम चोळला, मग म्हणाली, "सरनं वीसच पोट्ट्या घेतल्या, आपली जागा दुसऱ्याले जाईन. निकीले पाठवू काय तुह्या जागी? तिची बी चौथीची स्कॉलरशिप हाय." मी हो म्हणाले. नुसती हो नाही म्हणाले. म्हणाले, "हो, तिला पाठव, ती हुशार आहे." तिथे काय होतं ते माहीत असताना म्हणाले. मला वाटत होतं की कुणीतरी गेलं की सर माझ्याबद्दल विचारायचं सोडतील. बारा वर्षांची होते, हे कारण मी स्वतःला रोज देते. रोज पुरत नाही.

वर्गाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू आईला सांगितलंस. मी चादरीतून ऐकत होते. तुझ्याकडे शब्द नव्हते, तू नुसती "सर चांगले नाही, सर चांगले नाही" म्हणत होतीस आणि मग जे सांगितलंस, ते अगदी माझ्याच बाबतीतलं होतं. आईचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे आली, चादर खाली केली आणि हळूच विचारलं, "उर्वशी, सर असं करते काय वो?"

तिने खरंच विचारलं होतं, निकू. ती मानायला तयार होती. मी एक शब्द बोलले असते तर ती चप्पल हातात घेऊन त्याच्या घरी गेली असती, तू ओळखतेस तिला. मी म्हणाले, "नाही. सर खूप चांगले आहेत. तिला अभ्यास नको म्हणून काहीही सांगते."

मग आईने तुला मारलं. माझ्यासमोर. तू रडत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. मी चादर परत वर ओढली.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शीला मॅडमलाही नाही. बारा वर्षं तुझ्या रागाला सगळे हट्टी म्हणाले, आई म्हणाली पोरगी मामाकडे जाऊन बिघडली, आणि मी बाजूला बसून मान डोलावली. तू माझ्या साखरपुड्याला आली नाहीस तेव्हा तर मी चक्क रडून दाखवलं. साखरपुडा पुढे मोडला, ते बरंच झालं.

मला माफ कर, असं लिहिलं होतं, खोडलं. तुझ्यावर आणखी एक काम कशाला टाकू. मी चुकले नाही, मी खोटं बोलले. ते तुला कळलेलं होतंच. आता माझ्या अक्षरात तुझ्याकडे आहे. कुठेही दाखव.

शिंगांचं उत्तर देऊ नकोस. मला ते मागायचा हक्कच नव्हता. तू हो म्हटलंस तर मला पुढे व्हावं लागणार नाही, याच आशेवर मी ते मागत होते. मुदत संपली असली तरी माझं जे आहे ते मीच नेऊन देते.

उर्वशी

उमरखेड, ९ जून

निकू,

तीन तारखेला ठाण्यात गेले. सोबत शीला मॅडम होत्या. साहेबांनी तीनदा साल विचारलं, तीनदा सांगितलं. "एवढी वर्षं काय करत होत्या?" असं ते म्हणाले. मॅडम बोलणार होत्या, पण मीच म्हणाले, "घाबरत होते. अजून घाबरते आहे. लिहा." लिहून घेतलं. उशीर माफ करण्याचा अर्ज मॅडम लावणार आहेत, टिकेल की नाही माहीत नाही. मी तक्रारीत हेही लिहून दिलं, की घरच्यांनी विचारलं तेव्हा मी सरांना चांगलं म्हणाले आणि त्यामुळे पुढे नुकसान झालं. साहेबांनी विचारलं, "नुकसान कोणाचं? तुमच्यानंतर त्या जागी कोण गेलं?" मी म्हणाले, "ते त्या मुलीने ठरवायचं, सांगायचं की नाही." तुझं नाव माझ्या तोंडून गेलेलं नाही. निवेदनावर सहीसुद्धा केली, त्याच दिवशी.

त्याच्या आधी, एक तारखेला, घरी सांगितलं. दुपारची जेवणं झाली होती, जान्हवी शेजारी खेळायला गेली होती. या वेळी पंख्यापासून सुरुवात केली नाही. माझं सगळं सांगितलं, आणि तुझ्याबद्दल मी जे खोटं बोलले होते तेही. दादा उठला, गणपतीमागचा कागद काढला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि बाहेर गेला. वहिनीने सांगितलं, तो त्या संध्याकाळी ज्यांच्या पोरी तिथे जाणार होत्या अशा तीन घरी जाऊन आला. एकाने त्याला हाकलून दिलं. दोघांनी ऐकलं.

आई भांडी घासायला बसली आणि तेच पातेलं घासत राहिली. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाली, "म्हंजे निकी खरं बोलून राह्यली होती." मी हो म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आज सकाळी दुकान उघडलं तर आई पायरीवर बसलेली. एकटी, पहिल्या एसटीने आलेली. तुला माहीत आहे ती एकटी तालुक्याला महागावलाही जात नाही. आत आली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तू लोकायचं लिहून देतं ना? माह्यं लिव्ह. निकीले." मी म्हटलं, मी मामाच्या फोनवर लावून देते. म्हणाली, "फोनवर माह्याच्यानं होनार नाही. लिव्ह."

ती सांगते तसंच लिहिते. माझं एक अक्षर नाही.

निकू, तुह्या बहिणीले म्या दोन दिवस सांगतलं, ते खोटं हाय. भाऊबीजेले बी गेलती तू. गेलती नाही, म्या नेलती. आदल्या दिवशी गायगोधन झालं होतं, गाई सजेल होत्या, वाटेत तू त्यायच्याकडं पाहाले बी तयार नव्हती. नाना येनार होता, मले पुरनाचा सैपाक करायचा होता. तू चुलीपाशी बसून नाही जात, नाही जात म्हनून राह्यली होती. म्या दंडाले धरलं अन् सरच्या घरापर्यंत ओढत नेलं. दारात तू माह्या साडीचा पदर धरला. म्या तुह्ये बोटं एक एक सोडवले. सर म्हने, राहू द्या विमलताई, मी समजावतो तिले. म्या हात जोडले त्याले. घरी येऊन पुरन वाटलं.

संध्याकाळी नानाले ओवाळलं तवा तू बोलत नव्हती. नाना म्हने, पोरगी सुकली, घेऊन जातो काही दिवस. म्या म्हटलं ने. तवा बी मले समजलं होतं काय, नाही समजलं होतं काय, हे मी आठ दिवसापासून सोतालेच इचारून राह्यली. समजलं असन. म्हनूनच म्या दोन दिवस म्हनत होती.

साहेबासमोर हे सांगाले मी तयार हावो. भाऊबीजेचा दिवस होता, नेनारी मी होती. पन उर्वशी म्हनते, निकीले इचारल्याबिगर एक पाऊल टाकायचं नाही. तं इचारून राह्यली. तू हो म्हटलं तं मी वणीले येतो, तू जिथं म्हनशीन तिथं तुह्या बाजूले उभी राहतो. तू नाही म्हटलं तं तुह्या दारात कोनी येनार नाही, मी बी नाही. अन् मले शिव्या द्याच्या असन तं त्या दे, दुसऱ्या कोनाच्या हातानं निरोप नको पाठवू, मले दे.

त्या दिवशी म्या तुह्यं ऐकलं नाही. सांग निकू, काय म्हनतं. मी ऐकून राह्यली.